थेंबाचे वजन

तापीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या खानदेश प्रांताचे जे गॅझेटियर इंग्रज सरकारने १८८० साली छापून प्रसिद्ध केले, त्यात काळी जमीन, कापूस, नद्यानाले आणि वैशाखातील ऊन यांची साद्यंत हकीकत आहे. परंतु या प्रांतावर वर्षाचे बाराही महिने ज्याचा खरा अंमल चालतो, त्या पंगतीतील आग्रहास त्यात स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही, ही त्या साहेबी दप्तरातील मोठीच उणीव म्हटली पाहिजे. थंडी पडली की शेतात पऱ्हाटीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून केलेले भरीत, लग्नकार्यात तुपात बुडवून काढलेली बट्टी आणि तिच्यावर वरण, सणासुदीस खापरावरचे मांडे, आणि यांपैकी काहीच नसेल त्या दिवशी तर्रीदार शेवभाजी, अशा क्रमाने येथील माणसाचे वर्ष सरते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे खाऊन खाऊन ज्यांची शरीरे स्वतःच एक भौगोलिक घटना होऊन बसली, त्यांना मात्र अद्याप कोणतेही मानांकन मिळालेले नाही.

अशा मुलखात लठ्ठपणास रोग म्हणण्याचे धाडस प्रथम कोणी केले हे सांगणे कठीण आहे. अंगाने भरलेला मनुष्य म्हणजे खात्यापित्या घरचा मनुष्य, एवढीच त्याविषयीची जुनी समजूत. पुढे मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी या तीन गोष्टी त्या भरलेल्या अंगाबरोबर न चुकता येतात असे घरोघर दिसू लागले, आणि पोटावर शस्त्रक्रिया करून वजन उतरविता येते ही वार्ताही मुंबई-पुण्याकडून येऊन थडकली. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली, म्हणजे ते आपल्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्याविषयी पुढे ते मोकळेपणाने बोलतही राहिले; तेव्हा जी गोष्ट आजवर केवळ परदेशी श्रीमंतांचे थेर म्हणून हिणवली जात होती, ती एकदम प्रतिष्ठित झाली. आमच्या नानांनी ती करून घेण्याचा निश्चय केला तो या नव्या प्रतिष्ठेच्या भरात.

नाना हे कोणा एका व्यक्तीचे नाव समजू नये. जळगावच्या दाणा बाजारात, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, अमळनेरास, धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ, असे नाना पेठेपेठेला आहेत. आणि त्या सर्वांची कैफियत थोड्याफार फरकाने एकच असल्यामुळे आम्ही ती सोयीसाठी एका नानांच्या खात्यावर मांडीत आहोत. नानांचा धंदा आडतीचा. वजनकाट्याशी त्यांचा जन्मभराचा संबंध, परंतु तो ज्वारी आणि तूर यांच्यापुरता. त्या काट्यावर स्वतः चढण्याचा प्रसंग त्यांनी कटाक्षाने टाळला होता. अखेर डॉक्टरांच्या आज्ञेने तो प्रसंग आला तेव्हा काट्याने १३६ किलोचा आकडा दाखवला, आणि नानांनी धंद्याच्या सवयीने प्रथम विचारले, “यातून बारदान वजा केले काय?”

या शस्त्रक्रियांचे दोन प्रकार आपल्याकडे विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची एक नळी उरते; दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम तीस मिलिलिटरची एक लहानशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या टप्प्याला स्पर्शही न करता पुढे निघून जाते. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ अमेरिकेतील आयोवा येथील शल्यवैद्य एडवर्ड मेसन यांच्याकडे जाते. अल्सरसाठी ज्यांचे जठर कापावे लागे ते रुग्ण पुढे वाळत जातात, हे पाहून त्यांनी १९६६ साली तीच गोष्ट हेतुपुरस्सर करून पाहिली. एकाची व्याधी ती दुसऱ्याचे औषध ठरल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात थोडी नाहीत. परंतु त्या जुन्या अल्सरच्या रुग्णांना कृशतेबरोबर आणखी एक गोष्ट मिळत असे, ती म्हणजे पंडुरोग. नानांनी कृशतेचे तेवढे ऐकले आणि पुढचे वाक्य सुरू होण्यापूर्वीच या दुसऱ्या प्रकाराच्या संमतिपत्रावर सही केली.

शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. नानांचे वजन उतरू लागले, त्यांच्या सदऱ्यांना शिंप्याने तीनदा टिपा मारल्या आणि चौथ्या वेळी हात जोडले. खरी परीक्षा पुढेच होती. ज्याच्या पोटात चार घास गेले की पाचव्याला जागा नाही, असा जावई धुळ्याच्या सासरवाडीस गेला म्हणजे काय प्रसंग ओढवतो, याची कल्पना ज्याने खानदेशी पंगत पाहिली आहे त्यासच येईल. मामेसासूबाईंनी ताटाकडे पाहिले, जावयाकडे पाहिले, आणि डोळ्यांना पदर लावून विचारले, “तुमना घरमा दुस्काय पडना का वं?” नानांनी शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली, पिशवीचे माप सांगितले, डॉक्टरांचे नाव सांगितले. मामेसासूबाईंनी ती सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ते. आखो एक बट्टी ल्या.”

येथवर सर्व ठीक होते. परंतु देह हलका झाला की मनुष्याच्या चित्तात परोपकाराची ऊर्मी का उसळते, हे एक गूढ आहे. नानांच्या बाबतीत त्या ऊर्मीस जुना इतिहास होता. त्यांना तरुणपणापासून रक्तदान करण्याची हौस, आणि जळगाव-धुळ्याकडे त्या हौसेस संधीची वाण कधीच नाही. जळगावात रेडक्रॉसची रक्तपेढी आहे, माधवराव गोळवलकरांच्या नावाची स्वयंसेवी रक्तपेढी आहे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, शिवजयंती, गणेशोत्सव अशा निमित्तांनी मांडव घालून होणारी शिबिरे तर मोजदादीपलीकडची आहेत. अशा प्रत्येक मांडवात पूर्वी नाना जात आणि प्रत्येक मांडवातून परत येत. नियमाप्रमाणे दात्याचा वरचा रक्तदाब १४० च्या पुढे चालत नाही. नानांचा १७० च्या खाली उतरत नसे. मधुमेहाच्या औषधाची मात्रा मागील चार आठवड्यांत बदललेली असल्यास दाता नामंजूर होतो. नानांची मात्रा दर महिन्यास बदले, कारण दर महिन्यास कोठेतरी लग्न असे. एवढ्या विस्तीर्ण देहात रक्ताचा तोटा नव्हता. होती ती परवानगीची वानवा.

आता दाब उतरला होता, साखर ताळ्यावर आली होती, गोळ्या सुटल्या होत्या. मोठ्या शस्त्रक्रियेतून बरे झाल्यावर बारा महिने रक्त घेऊ नये असा दंडक आहे. ती मुदतही नानांनी कॅलेंडरवर खुणा करीत भरून काढली. आणि मग मे महिन्यातल्या एका सकाळी, जेव्हा महाविद्यालये बंद असतात, तरुण मंडळी गावोगावच्या लग्नांत गुंतलेली असतात, जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि रक्तपेढ्यांतील शीतपेट्या रित्या पडू लागतात, अशा ऐन टंचाईच्या वेळी नाना धोतराचा सोगा सावरीत शिबिराच्या मांडवात दाखल झाले.

रक्तदात्याने भरावयाचा जो छापील अर्ज असतो, त्यातील जाबजबाब पाहिले असता एखाद्यास वाटेल की, मनुष्य रक्त देण्यास आला नसून मागण्यास आला आहे. कावीळ झाली होती काय, दात काढला काय, गोंदवून घेतले काय, मलेरिया झाला होता काय, काल रात्री झोप लागली काय, आज उपास तर नाही? या काटेकोरपणास कारण आहे. एके काळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते असत. ते पुन्हापुन्हा देत, आणि ज्यास ते रक्त चढे त्याच्या वाट्यास कधी रोग, तर कधी नुसते रंगीत पाणी येई. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या प्रकारावर कडक निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची ही विक्री बंद झाली. तेव्हापासून अर्ज लांबत गेला. नाना त्यातील एकेक रकाना अभिमानाने ओलांडीत चालले होते, तोच त्यांची गाठ या प्रश्नाशी पडली: “मागील सहा महिन्यांत आपले वजन अकारण घटले आहे काय?”

नानांना हा प्रश्न मोठा अपमानास्पद वाटला. वजन घटले होते हे खरे. परंतु ते अकारण घटले असे म्हणणे म्हणजे शल्यवैद्याच्या कौशल्याचा, विमा कंपनीशी केलेल्या पत्रव्यवहाराचा आणि वर्षभर न खाल्लेल्या बट्ट्यांचा एकसमयावच्छेदेकरून अधिक्षेप करणे होय. त्यांनी रकान्यात ‘नाही’ असे लिहिले, ते खोडून ‘होय’ लिहिले, तेही खोडले, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात ‘सकारण, पावती सोबत’ असा शेरा मारून अर्ज पुढे सरकवला. मांडवातील डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण मोठ्या धीराच्या होत्या. त्यांनी पावती वाचली, तीवरील शस्त्रक्रियेच्या नावाशी किंचित थबकल्या आणि म्हणाल्या, “नाना, आधी थेंब पाहू.”

हा थेंब पाहण्याचा विधी ज्यांनी अवलोकिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे वर्णन करणे आवश्यक आहे. एका काचेच्या पात्रात मोरचुदाचे निळे पाणी घेतलेले असते. त्याची घनता मोजून १.०५३ एवढी राखलेली असते. दात्याच्या बोटाला टोचून निघालेला रक्ताचा थेंब त्यात अलगद सोडतात. रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर थेंब जड होऊन तळाशी जातो आणि दाता उत्तीर्ण होतो. थेंब हलका असेल तर तो तरंगतो आणि दाता बुडतो. ज्या नानांना पत्नी, मुले, व्याही, डॉक्टर आणि जळगावातील यच्चयावत रिक्षावाले यांनी जन्मभर ‘हलके व्हा’ म्हणून सांगितले, ज्यांनी त्याकरिता आपल्या आतड्यांची फेरमांडणी करून घेतली, त्यांच्या एका थेंबाने मात्र जड असावे, अशी सरकारची अपेक्षा होती! थेंब पडला, पाण्याच्या मध्यावर क्षणभर घुटमळला, आणि नंतर एखादा विचार पक्का झाल्याप्रमाणे सावकाश वर आला. यंत्रावर पुन्हा तपासले तेव्हा आकडा ११.२ निघाला.

आता, तो थेंब बुडाला असता तरी नानांचे संकट टळले नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. दात्याने खाटेवर जाण्यापूर्वी दोन-तीन पेले पाणी प्यावे असे सांगतात; नानांना घोट-घोट पिण्याची आज्ञा असल्यामुळे तेवढ्या पाण्यासाठी त्यांना मांडवात सकाळपासून मुक्काम करावा लागला असता. रक्त दिल्यावर गोड सरबत, ग्लुकोजची बिस्किटे आणि भरपूर साखरेचा चहा यांचा जो सत्कार होतो, तो तर त्यांच्यासाठी साक्षात अपघात होता. कारण ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या लहानशा पिशवीतून साखर एकदम आतड्यात उतरली म्हणजे छाती धडधडते, घाम सुटतो, भोवळ येते. भोवळ आलेल्या दात्यास मांडवात पुन्हा काय देतात? गोड सरबत. या चक्रातून नाना दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटते किंवा नाही, याची आम्हास शंका आहे.

डॉक्टरीणबाईंनी नानांना खुर्ची दिली आणि त्यांच्या देहाचा ताळेबंद समजावून सांगितला. अन्नातील लोह शरीरात शिरते ते मुख्यत्वे जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागात, आणि ते शिरण्यास योग्य स्वरूप येते ते जठरातील आम्लामुळे. नानांच्या अन्नाला आता हे दोन्ही मुक्काम वर्ज्य. बी-१२ या जीवनसत्त्वाला पुढे नेणारा घटकही जठरातच तयार होतो. म्हणजे वजन उतरण्याचे जे कारण, तेच थेंब तरंगण्याचे कारण. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर दात्याचे दीडशे मिलिग्रॅमच्या वर लोह जाते. निरोगी शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत घेते, गरज पडल्यास थोडे अधिक, आणि काही महिन्यांत खड्डा भरून काढते. नानांच्या शरीरात तो खड्डा भरणारा कारकूनच बडतर्फ झालेला. शिवाय हिमोग्लोबिन हे रोजच्या व्यवहारातले नाणे. तिजोरीत काय शिल्लक आहे हे फेरिटिन नावाच्या निराळ्या तपासणीवरून कळते, आणि तिजोरी रिकामी झाल्यानंतरही कित्येक दिवस पेढीवरचा व्यवहार सुरळीत दिसू शकतो, हे नानांसारख्या आडत्यास वेगळे सांगण्याची गरज पडली नाही.

गूळ-शेंगदाणे, खारीक, नागली, मेथी, लोखंडी तवा, असे सर्व उपाय नातेवाइकांनी सुचविले, गोळ्याही झाल्या, परंतु जेथे दारच बंद तेथे पाहुण्याने किती वेळ कडी वाजवावी! अखेर डॉक्टरांनी लोह शिरेवाटे दिले, आणि दोन-अडीच महिन्यांत नानांचा आकडा १३.१ वर गेला. त्याच दिवशी नाना पुन्हा रक्तपेढीत हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या, “नाना, बियाण्यासाठी सरकारने तगाई दिली आणि कुळाने त्या पैशाचा भंडारा घातला, तर मामलेदार काय म्हणेल?” पुढे त्यांनी जे सांगितले त्यात विनोद नव्हता: शस्त्रक्रिया झाली म्हणून माणूस जन्मभर रक्तदानास अपात्र होतो असे नाही, परंतु त्याने दर वर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ तपासावे, ठरलेल्या गोळ्या कधी चुकवू नयेत, आपल्या शल्यवैद्यास विचारावे, शस्त्रक्रियेची गोष्ट अर्जात लपवू नये, आणि शिल्लक खरोखरच असेल तेव्हाच द्यावे, तेही पुरुषांना नव्वद दिवसांनी मुभा आहे म्हणून नव्वदाव्या दिवशी नव्हे.

या निकालावर विचार करता आम्हास धुळ्याच्या तुरुंगाचे स्मरण होते. १९३२ साली रविवारमागून रविवार त्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान म्हणजे काय याचा जो विचार आहे, त्यात देश पाहावा, काळ पाहावा आणि पात्र पाहावे असे म्हटले आहे. आपल्या धर्मशास्त्राने या पात्रतेची चिकित्सा शतकानुशतके केली, पण ती मुख्यत्वे घेणाऱ्याची. भिक्षुक विद्वान आहे की नाही, याचक खरा गरजू आहे की ढोंगी, हे पाहण्यात दात्यांच्या पिढ्या गेल्या. देणाराच दानास अपात्र असेल, ही कल्पना व्यवहारात सहसा कोणाच्या स्वप्नातही आली नाही. रक्तपेढीने मात्र हा जुना न्याय उलटा केला. तेथे घेणाऱ्याचे कुळ, शील, विद्या, मतदारसंघ, यांपैकी काहीही कोणी विचारीत नाही. तो रक्तस्राव होत असलेला मनुष्य आहे एवढे पुरते. सारी चौकशी होते ती देणाऱ्याची. दाता श्रेष्ठ आणि याचक कनिष्ठ, ही आपल्या मनात खोल रुजलेली उतरंड एका मोरचुदाच्या पात्राने मोडून टाकावी, हे आम्हास मोठे लोकशाहीचे कृत्य वाटते. विनोबांनी पुढे भूदानात जमिनीचा सहावा हिस्सा मागितला. रक्तपेढी देहातील पाच-साडेपाच लिटरांपैकी पंधरावा हिस्सा मागते. आणि तो पंधरावा हिस्सा ज्याला झेपणार नाही, त्याला चहा पाजून घरी पाठविते. देणाऱ्याची एवढी काळजी घेणारे दुसरे दानाचे खाते आमच्या पाहण्यात नाही. देवस्थानांच्या पेट्यांत तर निश्चितच नाही.

नानांनी हा न्याय मान्य केला, परंतु मांडव सोडला नाही. पुढील शिबिर धुळ्यास होते, एका मंडळाच्या अध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त. शंभराहून अधिक पिशव्या जमविण्याचा संकल्प फलकावर आगाऊच छापलेला होता. नानांनी नोंदणीच्या मेजामागील खुर्ची पटकावली आणि येणाऱ्या प्रत्येकास अर्जातील प्रश्न ते मोठ्याने वाचून विचारू लागले. रात्रभर वरातीत नाचलेला एक तरुण त्यांनी झोप काढण्यास घरी धाडला. सकाळपासून काहीही न खाल्लेल्या दोघांना पोहे खाऊन येण्यास सांगितले. आणि उपास असूनही केवळ शिबिरात वाटल्या जाणाऱ्या हेल्मेटसाठी आलेल्या एकास डॉक्टरांपुढे नेऊन उभे केले, तेव्हा तो हेल्मेटविना परतला. दुपारपर्यंत ‘नामंजूर’ हा रकाना ‘मंजूर’च्या बरोबरीस आला.

अध्यक्ष स्वभावाने उदार आणि देहाने प्रशस्त होते. ते तणतणत मेजाशी आले आणि म्हणाले, “नाना, अशाने आमचा आकडा कसा पुरा होणार? वाढदिवस माझा आहे, तुमचा नव्हे!”

नानांनी एक कोरा अर्ज काढला, त्यावर आजची तारीख घातली आणि तो नम्रपणे पुढे सरकवून म्हणाले, “तेच म्हणतो साहेब. पहिला अर्ज तुमचाच हवा होता. सांगा, वजन किती लिहू?”

त्या दिवशी आपला उपास आहे, हे अध्यक्षांना तेव्हा आठवले.